पंच ऐकू आला पाहिजे : रोड ‘वायरलेस गो टू’ माइकचा अडीच वर्षांचा अनुभव

आमचा सहा जणांचा गट आहे. महाविद्यालयात असताना आम्ही एकत्र एकांकिका करत होतो; आता कोणी बँकेत आहे, कोणी संगणक कंपनीत, एक मैत्रीण दंतवैद्य आहे आणि एकजण वडिलांचे स्टेशनरीचे दुकान सांभाळतो. एक रविवार सोडून दुसऱ्या रविवारी आम्ही पुण्यात कर्वेनगरमधल्या एका मित्राच्या तिसऱ्या मजल्यावरच्या सदनिकेत जमतो, सोसायटीची मीटिंग, लग्नाचे स्थळ, बँकेतली रांग असल्या विषयांवर दोन ते सात-आठ मिनिटांचे विनोदी प्रसंग चित्रित करतो आणि ते यूट्यूबवर टाकतो. गटाचे नाव येथे देत नाही, कारण हे परीक्षण आमच्या वाहिनीचे नाही. ते आम्ही वर्गणी काढून घेतलेल्या एका वस्तूचे आहे, आणि ती वस्तू म्हणजे रोड या ऑस्ट्रेलियन कंपनीचा ‘वायरलेस गो टू’ हा बिनतारी माइकचा संच. २०२२ च्या दिवाळीत प्रत्येकी साडेचार हजार रुपये काढून आम्ही तो घेतला. एक वापरलेला ट्रायपॉड आणि एक पुणेरी पगडी सोडली, तर तेव्हा गटाच्या मालकीची दुसरी कोणतीही वस्तू नव्हती.

त्या पैशांचा कॅमेरा घ्यावा असे खरे तर चौघांचे मत होते. आमचे चित्रीकरण तोवर मोबाइलवरच होत असे आणि कॅमेरा आला की आपण ‘खरे’ दिसू लागू, असा एक समज मनात घट्ट बसलेला होता. भाडिपा (भारतीय डिजिटल पार्टी) या वाहिनीने २०१६ पासून मराठी विनोद यूट्यूबवर नीटनेटका करून दाखवला, तेव्हापासून हा समज आमच्यासारख्या अनेक मंडळींच्या मनात असावा. वाद तीन रविवार चालला. शेवटी आमच्यातली जी संकलन करते, तिने एक साधा प्रयोग केला. आमचा त्या वेळचा सर्वांत जास्त पाहिला गेलेला प्रसंग तिने मोबाइल पालथा ठेवून लावला आणि ज्यांनी आमची संहिता कधीच वाचली नव्हती अशा तिच्या दोन शेजारणींना बोलावून, काय ऐकू आले ते कागदावर लिहायला सांगितले. आम्ही मात्र नेहमीप्रमाणे ठरलेल्या जागी हसत होतो. शेजारणींच्या कागदावर प्रश्न पूर्ण उतरले होते आणि उत्तरांच्या जागी टिंबे होती. आम्हाला ती उत्तरे ऐकू येत होती, कारण ती आम्हाला पाठ होती.

याचे कारण काही अंशी आपल्या भाषेतच आहे, असे मला आता वाटते. मराठी वाक्यात क्रियापद बहुधा शेवटी येते आणि विनोदाची कळ, म्हणजेच पंच, हीही पुष्कळदा त्या शेवटच्या शब्दातच असते. ‘त्यांनी मुलगी बघितली, पोहे खाल्ले, पत्रिका मागितली आणि डबा भरून घेऊन गेले’ या वाक्यात ‘गेले’ ऐकू येईपर्यंत काहीच घडलेले नसते. नेमके याच ठिकाणी बोलणाऱ्याचा श्वास संपत आलेला असतो, आवाज खाली येतो आणि नवशिका नट शब्द खातो. समोर बसलेल्या माणसाला तोंडाच्या हालचालीवरून तो शब्द कळतो. सहा फुटांवरच्या मोबाइलला तो कळत नाही.

दुसरे कारण यंत्रातले आहे. मोबाइलच्या चित्रीकरणात आवाजाची पातळी सहसा आपोआप कमी-जास्त केली जाते. कोणी जोरात बोलले की यंत्र ती खाली आणते आणि कोणी थांबले की काहीतरी ऐकू यावे म्हणून ती वर नेते. म्हणजे विनोदात ज्याला आम्ही ‘पॉज’ म्हणतो, ज्या दीड-दोन सेकंदांत प्रेक्षकाला शंका यायला हवी, त्याच क्षणी छताचा पंखा, फ्रिज आणि शेजारच्या स्वयंपाकघरातला कुकर एकदम पुढे येतात. शांतता हवी तिथे घरघर मिळते. आम्ही पंखा बंद करून पाहिला. मे महिन्यात बंद खोलीत तिसऱ्या टेकनंतर नवरदेवाच्या कपाळावरचा गंध ओघळून नाकापर्यंत आला आणि तो प्रसंग तिथेच संपला.

आता वस्तूविषयी. ‘वायरलेस गो’ हा मूळ संच २०१९ मध्ये आला. त्यात बोलणाऱ्याचा आवाज पाठवणारा एकच ट्रान्समीटर होता. ‘वायरलेस गो टू’ फेब्रुवारी २०२१ मध्ये आला आणि त्यात दोन ट्रान्समीटर व तो आवाज घेऊन कॅमेऱ्याला किंवा मोबाइलला देणारा एक रिसीव्हर असे तीन काळे चौकोनी ठोकळे मिळतात. प्रत्येक ठोकळ्याची बाजू साधारण साडेचार सेंटिमीटर आणि वजन ३० ग्रॅमच्या आसपास आहे. हातात घेतला तर काड्यापेटीची आठवण होते. ट्रान्समीटरमध्येच माइक बसवलेला आहे, त्यामुळे तो नुसता गळ्याशी अडकवला तरी काम सुरू होते, आणि हवा असेल तर ३.५ मिलिमीटरच्या खोबणीत वेगळा, टाचणीएवढा कॉलर माइकही जोडता येतो. आवाज २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींवरून जातो. मध्ये काही आडवे नसेल तर पल्ला २०० मीटर आणि एकदा भरलेली बॅटरी सात तास, असे कंपनी सांगते. २०० मीटर आम्ही कधी मोजले नाहीत, कारण आमची सर्वांत मोठी खोली बारा बाय चौदाची आहे. सात तास मात्र आम्ही प्रत्येक चित्रीकरणाला वापरतो आणि अजून तरी संध्याकाळच्या चहापर्यंत बॅटरी पुरते.

माइक आल्यावर पहिल्या दिवशी जे घडले त्याची आम्ही कल्पना केली नव्हती. आवाज स्वच्छ आला, आणि आम्ही सगळे किती ओरडतो हे त्या स्वच्छ आवाजात ऐकू आले. एकांकिकेच्या तालमींत आम्हाला वर्षानुवर्षे एकच गोष्ट सांगितली गेली होती की आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचला पाहिजे. पुण्यात १९६३ पासून चालू असलेल्या पुरुषोत्तम करंडक या आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेसाठी भरत नाट्य मंदिराच्या रंगमंचावर उभे राहिलेला मुलगा आवाज फेकायला शिकतो, कारण समोर ‘आवाज कुणाचा’ म्हणून छत दणाणून सोडणारे प्रेक्षक बसलेले असतात. तो फेकलेला आवाज हनुवटीखाली वीतभर अंतरावर अडकवलेल्या माइकने पकडला की बँकेतला कारकून ‘फॉर्म भरा’ म्हणण्याऐवजी गडावरून तोफ डागल्यासारखा वाटतो. आमच्यातला जो रंगमंचावर सर्वांत उजवा होता, तोच पडद्यावर सर्वांत खोटा वाटू लागला. त्याला हे सांगणे सोपे नव्हते. त्याने ते मनाला लावून घेतले, पुढचे दोन रविवार तो आला नाही, आणि तिसऱ्या रविवारी आल्यावर माइक लावून कोपऱ्यात एकटाच पुटपुटत बसला.

त्या पुटपुटण्यातून आमचा आजवरचा मला सर्वांत आवडलेला प्रसंग निघाला. एक मुलगा वडिलांना नोकरी सोडल्याचे सांगतो. तो कारणे देतो, योजना सांगतो, आकडे मांडतो. वडील वर्तमानपत्राची घडी घालतात, चष्मा काढतात, पुसतात, परत लावतात आणि मग म्हणतात, ‘बरं.’ एवढाच प्रसंग. तो ‘बरं’ इतका हळू होता की कॅमेऱ्यामागे चार फुटांवर उभ्या असलेल्या मला तो ऐकू आला नाही आणि मी ‘वाक्य विसरलास का?’ म्हणून टेक तोडायला निघालो होतो. संकलनात मात्र तो शब्द, त्याआधीची चष्म्याच्या काचेवरून फिरणाऱ्या कापडाची सळसळ आणि घड्याळाची टिकटिक हे सारे जागच्या जागी होते. मोबाइलच्या माइकवर हा प्रसंग लिहिण्याचे धाडस आम्ही केले नसते, कारण असा प्रसंग लिहिता येतो हेच आम्हाला सुचले नसते. या संचाला मी जे गुण देतो, त्यांतले निम्मे या एका शब्दासाठी आहेत.

उरलेले निम्मे देताना मात्र हात आखडता घ्यावा लागतो, आणि त्यातला पुष्कळ भाग आमच्या अज्ञानाच्या खात्यात जातो. रिसीव्हर दोन पद्धतींनी चालवता येतो. एका पद्धतीत दोन्ही ट्रान्समीटरचे आवाज एकत्र मिसळून मिळतात. दुसऱ्या पद्धतीत एकाचा आवाज डाव्या बाजूला आणि दुसऱ्याचा उजव्या बाजूला वेगवेगळा साठवला जातो, म्हणजे संकलनात प्रत्येकाची पातळी स्वतंत्रपणे ठरवता येते. आम्ही दुसरी पद्धत निवडली, ते योग्यच केले. पण संकलनाच्या शेवटी दोन्ही आवाज मधोमध आणायचे असतात हे आमच्या लक्षात आले नाही आणि प्रसंग तसाच प्रसिद्ध झाला. खोलीतल्या स्पीकरवर सगळे छान वाटले. दुसऱ्या दिवशी सांगलीहून आत्याचा फोन आला. ती पोळ्या करताना तारेचा इअरफोन एकाच कानात घालून आमचे प्रसंग ऐकते. ती म्हणाली, ‘चांगलं झालंय रे, पण तू एकटाच का बोलतोयस? तो समोरचा मुलगा मुका दाखवलाय का?’ तिने संपूर्ण प्रसंग मुक्या मुलाची गोष्ट म्हणून पाहिला होता आणि शेवटी तिला थोडे वाईटही वाटले होते. आम्ही तो प्रसंग काढून, दुरुस्त करून पुन्हा टाकला; तेव्हापासून प्रत्येक प्रसंग प्रसिद्ध करण्यापूर्वी एकदा डाव्या आणि एकदा उजव्या कानाने ऐकण्याचे काम माझ्याकडे आले आहे.

आवाज मिसळण्याच्या पद्धतीत आणखी एक सोय आहे, जिला कंपनी ‘सेफ्टी चॅनल’ म्हणते. त्यात तोच आवाज २० डेसिबल कमी पातळीवर दुसऱ्या बाजूला साठवला जातो, म्हणजे कोणी अचानक किंचाळले आणि मुख्य आवाज फाटला तर कमी पातळीचा आवाज वाचतो. विनोदी प्रसंगांत किंचाळणे फार, त्यामुळे ही सोय आमच्यासाठीच केली आहे असे वाटले होते. अडचण अशी की ही सोय हवी असेल तर दोघांचे आवाज वेगळे मिळत नाहीत आणि वेगळे हवे असतील तर ही सोय मिळत नाही. एकट्याने कॅमेऱ्याकडे पाहून बोलायचे असेल तर सेफ्टी चॅनल घ्यावे; दोघांचा संवाद असेल तर आवाज वेगळे ठेवावेत आणि किंचाळण्याची तालीम आधी करून पातळी त्याप्रमाणे लावावी. कॅमेऱ्यातली आवाजाची स्वयंचलित पातळी बंद करून ती हाताने लावावी हेही ओघाने आलेच, नाहीतर एवढा खर्च करून पंख्याची घरघर परत येते.

या संचाचा सर्वांत मोठा आधार दिसत नाही, कारण तो ट्रान्समीटरच्या आत आहे. प्रत्येक ट्रान्समीटर स्वतःच्या स्मृतीतही आवाज साठवतो. आकार लहान केलेल्या स्वरूपात २४ तासांहून अधिक आवाज त्यात मावतो. रोड सेंट्रल या मोफत अ‍ॅपमधून ही सोय नीट लावून ठेवावी लागते आणि नंतर ट्रान्समीटर तारेने जोडून आवाज बाहेर काढावा लागतो. याची किंमत आम्हाला तळजाईच्या टेकडीवर कळली. सकाळी फिरायला येणाऱ्या दोन काकांचा प्रसंग होता. दोघे कॅमेऱ्याकडे पाठ करून लांबवर चालत जातात आणि चालताना पोटाच्या घेरावर बोलतात, असे ठरले होते. ट्रान्समीटर अर्थातच त्यांच्या छातीवर होते. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पाण्यात शोषल्या जातात आणि माणसाच्या शरीरात बहुतांश पाणीच असते. म्हणजे दोन चालती पिंपे आम्ही माइक आणि रिसीव्हर यांच्यामध्ये उभी केली होती. त्यात रिसीव्हरही कॅमेरा धरणाऱ्याच्या मागच्या खिशात होता. आवाज तुटक आला, आणि तसा तो यायलाच हवा होता. घरी येऊन ट्रान्समीटरमधला आवाज काढला तर सगळे संवाद अखंड होते, शिवाय ऐन मोक्याच्या वाक्याला प्रतिसाद दिल्यासारखा झाडीतून मोर ओरडला होता, तोही होता. तो मोर आम्ही ठेवला.

याच आतल्या स्मृतीची दुसरी बाजू सांगायला हवी. माइक एकदा सदऱ्याला लागला की माणूस तो विसरतो. आमच्या यजमान मित्राने एका रविवारी दुपारी दोन टेकच्या मध्ये माइक न काढता बाथरूम गाठले. कॅमेऱ्याला हेडफोन लावून बसलेल्या दंतवैद्य मैत्रिणीने हेडफोन काढून शांतपणे टेबलावर ठेवला आणि खिडकीतून बाहेर पाहत राहिली. बाथरूममध्ये त्याने नाट्यपदाच्या दोन ओळी बऱ्या गळ्याने म्हटल्या, हे मान्य केले पाहिजे. तो आवाज ट्रान्समीटरमध्ये आहे की पुसला, याबद्दल गटात आजही एकमत नाही आणि संकलन करणारी मैत्रीण त्याचा उपयोग वर्गणी वसूल करण्यासाठी करते.

माइक अंगावर लावायचा प्रश्न मात्र वाटतो त्याहून अवघड आहे. मागे असलेला चिमटा सदऱ्याच्या किंवा शर्टाच्या बटणपट्टीवर उत्तम बसतो. गोल गळ्याच्या टी-शर्टवर ३० ग्रॅमचा ठोकळा गळपट्टी खाली ओढतो आणि माणूस नुकताच कोणाशी तरी झटापट करून आल्यासारखा दिसतो. साडीवर तर लावायला सरळ कड मिळत नाही. पदरावर लावला तर प्रत्येक हालचालीला सळसळ होते आणि ब्लाउजच्या गळ्याशी लावला तर मंगळसूत्राच्या वाट्या त्यावर टिकटिक आपटतात. पुढच्या पिढीच्या काही संचांत चुंबकाने माइक अडकवण्याची सोय असते, ती येथे नाही. शिवाय छातीवर काळा चौकोन दिसतो. मुलाखतीत किंवा स्वयंपाकाच्या कार्यक्रमात तो चालून जातो, पण सत्तर वर्षांच्या आजींच्या भूमिकेत तो चालत नाही. आम्ही पुढे दोन छोटे तारेचे कॉलर माइक वेगळे घेतले आणि ठोकळा कमरेला खोचू लागलो. हा खर्च सुरुवातीलाच धरून चालावे. सोबत मिळणाऱ्या केसाळ टोप्या वाऱ्यासाठी खरोखर उपयोगी आहेत. मात्र त्या ठोकळ्यावर बसवल्या की छातीवर मांजराचे पिल्लू बसल्यासारखे दिसते आणि आमच्या दोन प्रसंगांत त्यांना तशाच भूमिका मिळालेल्या आहेत.

सहा जणांच्या गटात माइक दोनच, ही गोष्ट घेताना आम्हाला फारशी खटकली नव्हती. हिशेब असा होता की एका वेळी दोघेच बोलतात. तो हिशेब चुकीचा होता, कारण एकांकिकेतून आलेल्या मंडळींना एकाच वेळी पाचजण बोलल्याशिवाय प्रसंग रंगला असे वाटत नाही. पहिल्या दोन महिन्यांत माइक कोणाला यावरून जे रुसवेफुगवे झाले, ते एखाद्या सोसायटीच्या निवडणुकीला शोभले असते. एकच माइक दोघांच्या मध्ये चहाच्या टेबलावर, फुलदाणीत लपवून पाहिला. फुलदाणी चांगली बोलली, माणसे लांब गेली. मग लेखनच बदलावे लागले. बोलणारे दोन आणि न बोलणारा एक, अशी रचना आपोआप तयार झाली. स्टेशनरीचे दुकान सांभाळणाऱ्या मित्राला माइक कधीच मिळत नसे, म्हणून तो प्रत्येक प्रसंगात मागे काहीतरी करत उभा राही: कधी पंख्याकडे बघत, कधी बिस्किटाचा पुडा आवाज न करता उघडायचा प्रयत्न करत. आता प्रेक्षकांच्या प्रतिक्रियांत सर्वांत जास्त विचारणा त्याचीच होते. त्याला एकदा माइक देऊन चार वाक्ये दिली, तर लोकांनी ‘हा बोलायला लागला, मजा गेली’ असे लिहिले. त्या रात्री तो फारसा बोलला नाही, म्हणजे नेहमीसारखाच होता, पण आम्हाला फरक कळला. मोठा संच परवडला असता तर आमचे विनोद अधिक गोंगाटाचे झाले असते, असे माझे मत आहे. गटातल्या दोघांना ते मान्य नाही आणि त्यांना अजूनही चार माइक हवे आहेत.

घेणाऱ्याने तारांचे प्रकरण आधी समजून घ्यावे, कारण तेथे दुकानदारही गोंधळतात. संचासोबत येणारी ३.५ मिलिमीटरची तार कॅमेऱ्यासाठी आहे. तिच्या दांडीवर दोन काळ्या रेघा असतात. मोबाइलच्या गोल खोबणीत चालणाऱ्या तारेच्या टोकाला तीन रेघा लागतात आणि ती वेगळी घ्यावी लागते. रोडच्या यादीत तिचे नाव एससी ७ आहे. ज्या मोबाइलला यूएसबी-सी आहे त्याला एससी १६ आणि जुन्या आयफोनच्या लाइटनिंग खोबणीला एससी १५. आम्हाला एका दुकानात ‘सगळ्या तारा सारख्याच हो, कोणतीही लावा’ असे सांगून दोन रेघांचीच दुसरी तार विकण्यात आली. ती लावून आम्ही एक संपूर्ण दुपार चित्रीकरण केले आणि मोबाइलने शांतपणे स्वतःच्याच माइकवर आवाज घेतला. म्हणून तार लावल्यावर ट्रान्समीटरवर नखाने हलकेच टकटक करावे आणि तो आवाज हेडफोनमध्ये ऐकूनच पहिला टेक घ्यावा. मोबाइलच्या पडद्यावरच्या हलणाऱ्या पट्टीवर विश्वास ठेवू नये, कारण पट्टी कोणत्या माइकची आहे हे ती सांगत नाही.

बाजारात आता याहून नवे संच आहेत. रोडनेच २०२३ मध्ये ‘वायरलेस प्रो’ आणि २०२४ मध्ये ‘वायरलेस गो’ची तिसरी पिढी आणली आणि जानेवारी २०२४ मध्ये डीजेआय या चिनी कंपनीचा ‘माइक टू’ आला. या तिघांमध्ये आवाज ट्रान्समीटरच्या आत ३२ बिट फ्लोट या पद्धतीने साठवण्याची सोय आहे. सोप्या शब्दांत सांगायचे तर किंचाळण्याने पातळी ओलांडली तरी संकलनात ती खाली आणून आवाज सावरता येतो, म्हणजे आमची किंचाळण्याची तालीम वाचली असती. आज नव्याने घ्यायचे असेल तर मी तिकडे आधी पाहीन. मात्र कोणी ‘वायरलेस गो टू’ चांगल्या स्थितीत, कमी किमतीत देत असेल तर नाक मुरडू नये. फक्त तिन्ही ठोकळे पूर्ण भरून, चालू करून, तासभर तरी समोर ठेवून पाहावे, कारण बॅटरी आत बंद असते आणि संपल्यावर पेनाच्या सेलसारखी बदलता येत नाही. तिन्ही ठोकळे वेगवेगळ्या तारांनी चार्ज करावे लागतात हाही एक व्याप आहे. चार्ज करणारी पेटी मूळ संचात येत नाही.

पैसे वसूल झाले का, असे आमच्या घरांत अधूनमधून विचारले जाते. यूट्यूबच्या जाहिरातींतला वाटा मिळण्यासाठी लागणारे १,००० सदस्य आणि बारा महिन्यांत ४,००० तास पाहिले जाणे ही अट आम्ही माइक घेतल्यानंतर सव्वा वर्षाने पूर्ण केली. त्यानंतर आजवर जे मिळाले त्यात दुपारच्या जेवणाचा खर्चही निघत नाही, कारण सहाजण मिसळ खातात आणि दोघे जादा पाव घेतात. त्या हिशेबाने हा संच परवडणारा नाही, आणि कोणी आमच्यासारखा गट काढून त्यातून कमाई होईल म्हणून तो घेणार असेल तर त्याने आधी मोबाइलवरच दहा प्रसंग करून पाहावेत. दहाव्या प्रसंगापर्यंत सगळे रविवारी येत राहिले तर मग वर्गणी काढावी, आणि काढल्यावर कॅमेऱ्याआधी माइक घ्यावा.

संच सध्या दंतवैद्य मैत्रिणीच्या दवाखान्यात असतो. सुरुवातीला तो यजमान मित्राकडे होता, पण दोनदा रविवारी सकाळी एक ठोकळा पूर्ण रिकामा निघाला आणि एकदा तर सोफ्याच्या फटीत सापडला. दवाखान्यात इन्व्हर्टर आहे, आणि वापरलेली वस्तू परत तिच्याच खणात ठेवायची सवय आमच्यात तिला एकटीलाच आहे. शनिवारी रात्री शेवटचा रुग्ण गेला की ती तिन्ही ठोकळे ओळीने चार्जिंगला लावते आणि त्यांचे छायाचित्र गटावर टाकते. ते आले की रविवार नक्की असे आम्ही समजतो.